दुपारचं कडवं

टँकर आमच्या गल्लीत शिरला तेव्हा मी ओट्यावर बसून मटकी निवडत होते, आणि टँकरनं माझं नाव घेतलं. एकदा नाही, चार वेळा. आधी ढोलकी वाजली, मग कुठल्याशा बाईचा पातळ, साखर घातलेला आवाज आला, 'भिवरा वाढी पाणी गं, भिवरा वाढी पाणी, तिच्या हातचं गोड लागलं, इसरलं कोण कोणी.' कचऱ्याच्या गाडीला गाणं असतं तसं आता पाण्याच्या टँकरलाही लावलं होतं, म्हणजे आतल्या खोलीतल्या बायकांना कळावं. आणि कळलंच. तेरा सालचा उन्हाळा होता. बीडमध्ये पंधरा-पंधरा दिवस नळाला थेंब नव्हता, पालीच्या धरणात लोक ट्रॅक्टर घालून गाळ उपसत होते. भिवरा म्हटल्याबरोबर अख्खी गल्ली घागरी, बादल्या, पिंपं घेऊन सुटली. समोरच्या जानकीबाई धावता धावता ओरडल्या, "मॅडम, बसल्यात काय? भिवरा आली की!" मी बसूनच राहिले. या गल्लीत मी ओव्हाळ मॅडम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं घासलेली, मागच्या वर्षी निवृत्त झालेली, नवरा वारलेली, मुलगी पुण्याला असलेली, तोंडाची जरा फटकळ. भिवरा हे नाव पेन्शनच्या पुस्तकात आहे, आणि आता टँकरच्या कर्ण्यात. खाली भांडणं लागली होती, कुणाची तरी घागर लाथेनं उडवली गेली, आणि वर कर्णा सांगत होता की कोण कोणी हे सगळे विसरले. मी मटकीतले खडे वेचले आणि चुकून मटकीच फेकून दिली.

या गाण्याशी माझं भांडण जुनं आहे. भांडण म्हणावं तर पायही त्याच्यावरच ताल धरतो. लग्नात बँडवाल्यांनी ते वाजवलं की पंगतीत बसल्या बसल्या माझा अंगठा हलतो, आणि मी त्याला दुसऱ्या पायानं दाबून धरते. एका वर्षी स्नेहसंमेलनात माझ्याच वर्गातल्या पोरी डोक्यावर कळशा घेऊन त्याच्यावर नाचल्या. हेडमास्तर म्हणाले, "ओव्हाळबाई, तुमच्या नावाचं गाणं!" मी हसले. नावाचं आहे, एवढंच म्हणाले. लोकांना वाटतं, भिवरा कुणी पूर्वीची बाई असेल, नसेलही, गाण्यातल्या बायका काय, खऱ्या असल्याच पाहिजेत असं थोडंच आहे. गाण्यातली गोष्ट अशी: बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमच्या वस्तीतली, म्हणजे बौद्धवाड्यातली, भिवरा नावाची पोर पाणी वाढते, आणि उन्हानं पोळलेले बारा गावचे लोक, सगळ्या जातीचे, तिच्या हातचं पाणी पितात आणि तिला दुवा देतात. तीन कडवी. ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. माझाही दाटलाय एकदा, आणि मग दिवसभर माझा मलाच राग आला. गाणं खोटं असतं तर बरं होतं. खोट्याच्या मुस्काटात मारता येते. हे गाणं अक्षरन् अक्षर खरं आहे, फक्त दुपारी बारापर्यंतच खरं आहे. बारानंतर काय झालं ते त्यात नाही, आणि मी तर संध्याकाळपर्यंत तिथे होते.

सकाळ मला गाण्याहून जास्त आठवते. त्र्याहत्तरचा मे महिना, तेलगावच्या पलीकडे माळावर पाझर तलावाचं काम, मी एकोणीस वर्षांची. आई दगडाबाई, थोरला भाऊ सुग्रीव आणि मी, असे तिघं त्या कामावर आदल्याच दिवशी आलो होतो, कारण आमच्या गावाजवळचं काम बंद पडलं होतं. आजूबाजूला ओळखीचं एक तोंड नाही. मस्टरवाला कारकून साताऱ्याकडचा, नवा, पोरगेला, टोपीखाली घामेजलेला. पुढे अंगठ्यांची रांग लागली होती. माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या हातातलं पेन मागितलं आणि सही केली. भिवराबाई आश्रुबा. कान्यामात्र्यासकट, वळणदार. त्यानं मान वर करून बघितलं. किती शिकलीस विचारलं. सातवी पास म्हटलं. आडनाव त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या माळावर सही करणारी बाई तीच पहिली, तेव्हा तिचं घर वरच्या आळीतलंच असणार, हा त्याचा हिशेब. त्याला काय ठाऊक, छप्पन सालापासून आमच्या वस्तीत पोट रिकामं ठेवून पाटी भरायची रीत पडली होती. म्हणाला, "तू खडी नको फोडू, पाण्यावर बस." पाण्याचा मोठा लोखंडी ड्रम बाभळीच्या सावलीत ठेवलेला होता, त्याच्यावर ओलं पोतं, आणि तारेची कडी लावलेला पत्र्याचा डबा. मी तिथे जाऊन बसले.

सांगायला हवं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याची धार गेली. तेव्हा मात्र मी विचारबिचार काही केला नाही, कारण मला आनंद झाला होता. साधा आनंद. हातात घण नाही, डोक्यावर सावली आणि येणारा प्रत्येक जण माझ्यापुढे वाकतो, ओंजळ करतो. वाकल्याशिवाय पाणी पिताच येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एरवी वाकायचं आम्ही, आणि वरून धार सोडायची त्यांनी, तीही अंतर राखून. आता मी डबा तिरपा करत होते आणि पटकेवाल्यांची डोकी माझ्या गुडघ्यापाशी येत होती. शहादेव नावाचा एक म्हातारा दोनदा आला, दुसऱ्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "औक्षवंत हो पोरी." सुंदरराव पाटील, तेव्हा पंचविशीतला, फटफटीवरून काम बघायला आला, त्यानंही ओंजळ धरली आणि म्हणाला, "गार हाय गं, लई गार हाय." आई लांबच्या ढिगावर खडी फोडत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं आणि घण मारत होती. ती भीती मला कळत होती, पण त्या सकाळी आईची भीती मला जुनी, बुरसटलेली वाटली.

बाराच्या सुमाराला कडूबाई आली. आमच्याच गावची माहेरवाशीण, वरच्या आळीची, पण मनानं मोकळी. तिच्या लग्नाआधी दोघी मिळून शेण वेचायला जायचो. तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी या कामावर घेतलं होतं आणि ती त्याची भाकरी घेऊन आली होती. मला ड्रमपाशी बघून तिला हर्षच झाला. लांबूनच हात वर करून ओरडली, "अगं बया, भिवरे! आमच्या खालच्या वस्तीची पोर ही! हिला पाण्यावर बशिवली व्हय? लई बरं झालं गं, ऊन तरी लागंना!" चहाडी नव्हती ती. चाळीस वर्षं मी त्या आवाजात चहाडी शोधली, सापडली नाही. तिच्यासाठी ती सरळ आनंदाची गोष्ट होती. माळावरचे घण एकेक करून थांबले. आम्हाला बौद्ध होऊन सतरा वर्षं झाली होती, पण ती बातमी माळावर अजून यायची होती. कुणीतरी घशात बोटं घातली आणि ओकारी काढली. शहादेव म्हातारा आपल्या तळहाताकडे बघत उभा राहिला. मग बंकट मुकादम आला. त्यानं मला शिवी दिली नाही, एक शब्द बोलला नाही. ड्रमला पाय लावला तर पाय बाटेल म्हणून त्यानं पहार घेतली, ड्रमच्या बुडाखाली घातली आणि दाबली. अर्ध्याच्या वर भरलेला ड्रम. पाणी खडीतून, मातीतून, माझ्या पावलांवरून गेलं, आणि त्या मातीचा चर्र असा आवाज आला. बस्स. कारकून मस्टरमध्ये डोकं घालून बसला. दुसरा टँकर दिवस बुडताना आला. तोवर त्या सगळ्यांनी त्या उन्हात कोरड्या घशानं खडी फोडली, दोन बाया भोवळ येऊन पडल्या, पण कुरकुर कुणी केली नाही. तहान परवडली त्यांना. दुसऱ्या दिवशी मी खडीवर होते.

टँकर येऊन गेल्यावर आठवड्यानं सुग्रीवदादा आला. सुग्रीव आश्रुबा आणि पार्टी, हे नाव एके काळी माजलगावपासून अंबाजोगाईपर्यंत जयंतीच्या मंडपात गाजलेलं. आता दम्यानं खोकड झालेला, तरी शर्टाला इस्त्री. तोच या गाण्याचा कर्ता. कॅसेटवर त्याचं नाव होतं, मग दुसऱ्या पार्ट्यांनी उचललं, मग डीजेवाल्यांनी, आणि नाव गळून पडलं. त्यानं पिशवीतून पत्रिका काढली. भूमिकन्या दूध सोसायटीचा सोहळा. टँकर त्यांचेच, चेअरमन सुंदरराव पाटील.

"सायबांना कुणीतरी सांगितलं, गाण्यातली भिवरा जिती हाय, बीडात ऱ्हाती," दादा म्हणाला. "लई खूश झाले. तुझा सत्कार हाय. माझाबी हाय."

"आणि मी काय करायचं?"

"काय न्हाई. तांब्यातनं पाणी घालायचं, सायेब ओंजळीनं पिणार. फोटू काढणार. मग मी पेटीवर गाणार. झालं."

"तीनच कडवी?"

तो खोकला. खोकला खरा होता, पण त्यानं तो लांबवला. मग म्हणाला, "स्टेजवर खुर्ची ठिवलीय मला. नाव लिवलेली. चाळीस वर्सं सतरंजीवर बसून गायलो भिवरे, मोठी मान्सं खुर्च्यांवर आन् आमी खाली. एक डाव खुर्चीवर बसू दे."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. इतकी वर्षं दाबलेलं उसळून तोंडात आलं आणि मी म्हणाले, "तुला गाणं अर्ध्यावर तोडताना काही वाटलं नाही दादा. लोकांनी डोक्यावर घ्यावं म्हणून तू माझी दुपार गिळलीस. त्यांना गोड लागावं म्हणून. तुझ्या गाण्यानं त्या बंकटला माफी दिली, त्या ओकणाऱ्यांना माफी दिली, मला विचारलंसुद्धा नाही."

दादानं मान खाली घातली. आधी मला वाटलं, चोर सापडला. मग तो माझ्याकडे बघायला लागला, आणि त्याच्या नजरेत चोराचं काहीच नव्हतं.

"मी तोडलं?" तो म्हणाला. "भिवरे, पुढच्या साली बुद्धपौर्णिमेला वस्तीत कार्यक्रम झालता. मी चारी कडवी गायलतो. चवथं दुपारचं. आख्खी वस्ती रडलती. तू बायकांतनं उठून आलीस आन् पेटीच्या भात्यावर हात ठिवलास, पेटीच बंद पडली. काय म्हणलीस, आठवतं का? म्हणलीस, हे माज्या नावावर गाऊ नको, माजं लगीन व्हायचंय."

मी नाही म्हणाले. असं काही झालंच नाही म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझ्या तळहाताला तो भाता लागला, कापडी, गरम, आत हवा कोंडलेला. गॅसबत्तीचा उजेड, समोर बायकांचे ओले चेहरे, आणि माझ्या मनात एकच धास्ती, हे गाणं आता गावोगाव जाणार, आणि सगळे म्हणणार, ही ती, जिच्या हातचं पाणी ओतून दिलं. जिच्या हातचं पितात अशी मला व्हायचं होतं. जिच्या हातचं ओततात ती नाही. म्हणजे ती दुपार मीच खोडली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चाळीस वर्षं मी भावाला दोष दिला, राखी बांधताना दिला, त्याचा दमा वाढला तेव्हाही मनातून दिला, आणि भाऊ एक अक्षर बोलला नाही. मला शरम वाटली, पण तिच्यापाठोपाठ दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते शरमेपेक्षा मोठं होतं. पाणी ओतलं बंकटनं. ओकले ते. डोकं घातलं कारकुनानं. आणि लाज वाटली मला! एकोणीस वर्षांच्या, सही करणाऱ्या पोरीला लाज वाटली, आणि ती लाज मी इतकी जपली की गाण्याला कुलूप लावलं. ज्यांची होती त्यांना ती कुणी पोचवलीच नाही. ते सगळे मजेत तीन कडव्यांवर नाचतायत.

"येतंय का तुला अजून ते?" मी विचारलं.

"न यायला काय झालं? दर खेपेला तिसरं संपलं की मी ते मनात म्हणतो. ढोलकीवाला म्हणायचा, दादा, गाणं संपलं, पेटी कावून चालू ठिवली?"

"मला शिकव."

"कावून?"

"तू खुर्चीवर बस. दम तुला नाही, मी म्हणते."

तो हबकला. म्हणाला, "सायेब खुर्ची काढून घेतील गं." मी म्हणाले, घेतीलही. खोटा धीर मी त्याला दिला नाही. तो बराच वेळ पत्रिकेवरचं स्वतःचं नाव बोटानं चाचपत राहिला. मग ओट्याच्या फरशीवर ठेका धरला आणि तुटक श्वासात मला ओळी सांगू लागला. गाणार की नाही याचा शब्द त्यानं दिला नाही, मीही मागितला नाही.

मंडप मोठा होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे दूध घालणारे सभासद, बाया एका बाजूला. दादाच्या खुर्चीवर खरंच नाव होतं, आणि तो तिच्यावर बसला तेव्हा त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. सूत्रसंचालकानं गाण्याची, दुष्काळाची, माणुसकीची पुष्कळ विशेषणं काढली. मला तांब्या दिला. सुंदरराव, आता पासष्टीचे, माझ्यापुढे वाकले आणि ओंजळ धरली. मी पाणी घातलं. कॅमेरे चमकले. ते सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे खरंच भरले होते. माईकवर म्हणाले, "मी सोता ह्यांच्या हातचं पानी पिलेला मानूस हाय. त्या माळावर जात कुठं होती? सांगा, कुठं होती?" टाळ्या पडल्या. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर अवघड होतं. त्याच्या आठवणीत डागच नव्हता. मी माईक घेतला.

"साहेब," मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माळावरून किती वाजता निघालात?"

"धा-साडेधाला असंल," ते हसून म्हणाले. "कावून?"

"काही नाही. मी संध्याकाळपर्यंत होते."

ते हसतच राहिले, पण हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं. मी दादाला म्हणाले, सुरू कर. त्यानं पेटी ओढली. तीन कडवी तो गायला, फाटक्या आवाजात, आणि लोक त्याच्याबरोबर गायले, कारण ती सगळ्यांना पाठ होती. सोफ्यावरच्या बायकाही मान डोलावत होत्या. तिसरं संपलं. टाळ्या वाजायला लागल्या. पेटी थांबली नाही. दादा माझ्याकडे बघत नव्हता, खुर्चीच्या कडेवर आला होता, पट्ट्यांवर डोळे खिळवून भाता मारत होता. मी आयुष्यात कधी स्टेजवर गायले नव्हते. वर्गात कविता म्हणते तशी म्हणाले:

'सूर्य आला डोईवर, कुणी पुसलं घर,
ड्रम झाला आडवा, पाणी मातीवर.
माती येडी अडाणी, तिनं पुसली न्हाई जात,
घटाघटा पिली पाणी, धरून भिवराचा हात.'

टाळ्या मधेच विरल्या. कुणीतरी हसलं, त्याला वाटलं असेल गंमत आहे, मग तोही थांबला. मागे बायांमध्ये आमच्या वस्तीकडची एक म्हातारी उठून उभी राहिली. सुंदररावांनी खाली बघितलं, स्वतःच्या ओल्या हातांकडे, आणि ते हात धोतराला पुसावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना. सूत्रसंचालक धावत आला, "वेळेअभावी आपण..." म्हणत माईकला हात घातला. मी त्याला म्हणाले, "खाली बस." तोच आवाज, बत्तीस वर्षांचा. तो बसला. मी सांगितलं, मी भिवराबाई आश्रुबा, त्या दिवशी पाण्यावर होते. हे गाण्याचं चौथं कडवं आहे, हे मीच चाळीस वर्षांपूर्वी बंद केलं होतं, चूक माझी होती. आता गाणं वाजवायचं तर चारी वाजवायची, टँकरवरसुद्धा. आणि मग सवयीनं, दुसरं काही सुचेना म्हणून, मी हात वर केला आणि म्हटलं, "चला. माझ्या मागून म्हणा. सूर्य आला डोईवर."

कुणी म्हणालं नाही. दादाची पेटी चालू होती. मी ओळ पुन्हा म्हटली, जरा सावकाश, शब्द सुटे सुटे करून. पहिल्या खेपेला कुठलाच वर्ग म्हणत नाही.